मॉडेलमधला सूर्य बोस्टनचा

साइटवर मी ‘बिम’ म्हणालो की आमचे मिस्त्री मान वर करतात. त्यांच्या लेखी बीम एकच, या कॉलमवरून त्या कॉलमवर जाणारा. “कोनता बीम साहेब, जोत्याचा का स्लॅबचा?” मग मी विषय बदलतो. बीआयएम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग हे त्यांना सांगून उपयोग नाही. पण चांदूर बाजार, परतवाडा, दर्यापूर अशा गावांत दोन लॅपटॉप आणि एक ड्राफ्ट्समन एवढ्या बळावर ऑफिस चालवणाऱ्या तरुण वास्तुविशारदांना आणि सिव्हिलवाल्यांना सांगून नक्कीच आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

कॅडमध्ये भिंत म्हणजे दोन रेघा. प्लॅनमध्ये खिडकी सरकवली, सेक्शनमध्ये सरकवायची राहिली, एलेव्हेशनमध्ये ती जुन्याच जागी. आणि मिस्त्र्याच्या हातात नेमका तोच कागद गेला. बिममध्ये भिंत ही भिंतच असते. आपली जाडी, उंची, आतलं-बाहेरचं प्लास्टर तिला ठाऊक असतं. खिडकी एकदा हलवली की सगळ्या कागदांवर हलते आणि यादीतही तिची नोंद बदलते. कल्पना जुनी आहे. चार्ल्स ईस्टमन यांनी 1975 मध्ये ती मांडली, हंगेरीतल्या आर्किकॅडनं ऐंशीच्या दशकात ती टेबलावरच्या संगणकात आणली, आणि 2000 साली रेव्हिट आलं, जे दोनच वर्षांनी ऑटोडेस्कनं विकत घेतलं. आपल्याकडे बहुतेक जण रेव्हिटच वापरतात, म्हणून उदाहरणं त्यातली देतो. आर्किकॅडवाल्यांनी बटणांची नावं तेवढी बदलून घ्यावीत.

माझं बिममधलं पहिलं घर एका संत्रा बागायतदार काकाजींचं. मोठ्या हौसेनं मी त्यांना स्क्रीनवर सावल्यांचा खेळ दाखवला. दक्षिणेच्या खिडक्यांवर ऊन खोलवर येताना दिसत होतं, म्हणून तिकडे तीन फुटांचे छज्जे काढले. पश्चिमेच्या खोलीला दीड फुटात भागवलं. घर झालं, मे महिना आला, काकाजी ऑफिसात येऊन बसले. “तुमच्या काम्प्युटरले सांगा भाऊ, सूर्य इकडून बुडते म्हणून. त्या खोलीत तं भट्टी लागली.” परत फाइल उघडली तेव्हा चूक कळली, आणि ती सर्वस्वी माझी होती. मॉडेलचं ठिकाण मी भरलंच नव्हतं. नव्या फाइलमध्ये आधीपासून अमेरिकेतलं बोस्टन होतं. रेव्हिट त्याच परिसरात जन्माला आलं. चांदूर बाजारच्या घरावर मी बोस्टनचं ऊन पाडलं होतं.

बोस्टन आहे 42 अक्षांशावर, आपण सव्वाएकवीसवर. तिथं 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 24 अंश वर येतो, आपल्याकडे 45. म्हणजे दोन फुटांचा छज्जा त्या वेळी इथं दोन फूट सावली टाकतो, तिथं एक फूटही नाही. उन्हाळ्यात फरक आणखी गमतीचा. मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपला दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला जातो. दक्षिणेची भिंत त्या काळात दुपारी उन्हाबाहेर असते. खरी वैरीण पश्चिमेची भिंत. मेच्या मध्यात सूर्य बुडतो तो थेट पश्चिमेला नाही, वीसेक अंश उत्तरेकडे सरकून. आणि पाचनंतर तो इतका खाली असतो की आडवा छज्जा तिथं शोभेचाच राहतो. तिथं उभे पडदे, जाळी, झाड, नाहीतर खोलीऐवजी जिना आणि न्हाणी. आपल्या जुन्या घरांत पश्चिमेला सपरी काढायचे, ते उगीच नाही.

तेव्हा नवी फाइल उघडली की ‘मॅनेज’मधलं ‘लोकेशन’ आधी उघडा. गावाचं नाव टाकून शोधलंत तर खूण कुठं पडते ते पाहा. आपल्या अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत आणि कुरिअरवाल्यांसारखं सॉफ्टवेअरही चांदूर रेल्वेला जाऊन बसू शकतं. सरळ अक्षांश 21.24 आणि रेखांश 77.75 भरलेलं बरं. वेळ साडेपाच तासांचीच आहे ना, तेही बघा. मग ‘ट्रू नॉर्थ’. कागदावर घर सरळ दिसावं म्हणून आपण प्लॉट फिरवून घेतो, पण सूर्याला आपल्या कागदाशी देणंघेणं नसतं. त्याला खरी उत्तर लागते. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे साधं होकायंत्र पुरतं. मात्र सळ्यांच्या ढिगाजवळ उभं राहून फोनमधलं होकायंत्र पाहू नका. वास्तुशास्त्र सांगायला आलेले पाहुणे तेच करतात आणि मग किचन फिरवावं लागतं.

हीच फाइल सोलरसाठीही कामी येते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपयांचं अनुदान आहे, त्यामुळे घर बांधतानाच लोक पॅनेलबद्दल विचारतात. तीन किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट मोकळी गच्ची लागते. जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी मॉडेलमध्ये ठेवा, 21 डिसेंबरची तारीख लावा, सकाळी नऊ ते दुपारी तीन सावली कुठवर फिरते ते पाहा. टाकी दक्षिणेला असेल तर ती उत्तरेला ढकला. कागदावर ढकलायला पैसे लागत नाहीत.

सूर्याचं झालं ते भिंतीचंही आहे. तयार साच्यातली भिंत साधारण 200 मिलिमीटरची असते. आपली नऊ इंची वीट 230, आतलं प्लास्टर 12, बाहेरचं 20, झाले 262. दोन बाहेरच्या भिंती आणि मधली एक नऊ इंची, एवढ्यातच सगळं मिळून सात इंच कमी पडतात. सात इंचांत कपाट अडतं, पलंगाभोवतीची वाट जाते. फ्लाय ॲशची वीट आणणार असाल तर तिची मापं वेगळी, आणि भट्टीच्या विटेचीही भट्टीगणिक बदलतात. म्हणून ज्या विटा येणार आहेत त्यांतल्या दहा ओळीनं मांडा, टेप लावा, सरासरी काढा आणि तीच जाडी मॉडेलला द्या. नऊ इंची बाहेरची, नऊ इंची आतली, साडेचार इंची, आणि कंपाउंडची अशा चार भिंती एकदा नीट तयार करून स्वतःचा साचा जपून ठेवा. दारांचंही तसंच. परदेशी दाराला आपली चौकट नसते, खिडकीला ग्रिल नसते, ओट्याखालच्या जागेचा तर पत्ताच नसतो. स्वतःच्या पंधरा-वीस ‘फॅमिली’, म्हणजे दारं-खिडक्यांचे असे तयार नमुने, बनवायला एक पावसाळा लागतो. पुढची दहा वर्षं त्या पुरतात. इंटरनेटवरून फुकट उतरवलेले सोफे आणि झाडं मात्र फाइलमध्ये कोंबू नका. एकेक सोफा सगळ्या घरापेक्षा जड निघतो आणि आठ जीबीचा लॅपटॉप हात टेकतो. मशीन घेणार असाल तर 16 जीबीच्या खाली जाऊ नका.

मापं कशात? मालक आणि मिस्त्री फूट-इंचात बोलतात, इंजिनिअर मिलिमीटरमध्ये. दोघांसाठी दोन फायली करायचं कारण नाही. डायमेन्शनच्या स्टाइलमध्ये दुसरं एकक जोडता येतं, एकाच रेघेवर दोन्ही आकडे येतात.

आता जमीन. हे आपल्या भागातलं सगळ्यांत महागाचं प्रकरण, आणि नेमकं तिथंच बहुतेकांचं मॉडेल जोत्यावर येऊन थांबतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्या भेगांत हात जाईल इतकी फाकते. वर घर असेल तर तेही तिच्यासोबत हलतं. तेव्हा डिझाइनच्या आधी चाचणी खड्डा घ्या. काळी कुठं संपली, मुरूम कुठं लागला, पाणी लागलं का, हे फुटांत लिहून घ्या आणि मॉडेलमध्ये त्या खोलीवर एक पातळी टाका. सेक्शन काढला की जोत्याखाली किती काम गाडलं जाणार आहे ते मालकाला डोळ्यांनी दिसतं. एरवी “पायव्यातच एवढे पैसे कसे गेले?” हा प्रश्न शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. काळी खोल असेल तर इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल सुचवतील. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेले, तळाशी फुगा असलेले हे खांब. फुग्याचा व्यास सहसा दांड्याच्या अडीच पट असतो. अशा कामात जोत्याचा बीम जमिनीला टेकवायचा नसतो. फुगणाऱ्या मातीत तो किमान 80 मिलिमीटर अधांतरी ठेवावा असं भारतीय मानक सांगतं. ही फट मॉडेलमध्ये दाखवा आणि सेक्शनवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. मिस्त्री प्रामाणिकपणे ती माती दाबून भरून टाकतात, कारण पोकळी ठेवायची ही गोष्ट त्यांच्या धर्मात बसत नाही. पाइल किती, कुठं, किती खोल, हे मात्र इंजिनिअरनंच ठरवायचं. मॉडेल त्यांचा हिशोब दाखवतं, करत नाही.

पातळ्यांबद्दल थोडक्यात. रस्ता, जोतं, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब एवढ्याच पातळ्या ठेवा. सिल आणि लिंटेलला पातळ्या दिल्या की प्रत्येकीचा एक निरर्थक प्लॅन तयार होतो. पातळी फरशीच्या वर धरली की काँक्रीटच्या वर, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि इंजिनिअरला कळवा. टॉयलेटच्या संकन स्लॅबमध्ये जे घोळ होतात त्यांतले निम्मे इथून सुरू होतात.

इथं नागपूरचा दाखला द्यायला हवा, कारण आपल्या विदर्भातलं बिमचं सगळ्यांत मोठं काम तेच. मार्च 2019 मध्ये खापरी ते सीताबर्डी धावू लागलेल्या नागपूर मेट्रोसाठी महामेट्रोनं पाच मितींचं मॉडेल वापरलं. लांबी-रुंदी-उंची या तीन, चौथी वेळ, पाचवी खर्च. कुठला खांब कधी उभा राहणार आणि त्यावर किती पैसे जाणार, हे मॉडेलमधल्या त्याच खांबाला बांधलेलं. मोठ्या कंपन्यांची चार-पाच सॉफ्टवेअरं जोडून केलेलं ते काम आपल्या ऑफिसच्या आवाक्यातलं नाही. पण चौथी आणि पाचवी मिती आपल्याकडे निराळ्या नावानं आधीपासून आहे. संत्र्याचा अंबिया बहार आणि मृग बहार.

आपल्या भागात घर एका दमात होत नाही. अंबियाचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, मृगाचे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि एखाद्या वर्षी गळ झाली तर येतच नाहीत. जोतं एका बहारात, स्लॅब दुसऱ्या, वरचा मजला भाव मिळाला तर. रेव्हिटमधल्या ‘फेजेस’ याच कामासाठी आहेत. तिथं मुळात ‘एक्झिस्टिंग’ आणि ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ अशा दोन असतात. पुढच्या टप्प्यांची भर घाला, नावं मराठीत द्या, आणि प्रत्येक भिंत-स्लॅब आपापल्या टप्प्यात टाका. मग टप्प्यानुसार वेगळी यादी निघते आणि काकाजींना सांगता येतं, की या बहारात एवढं सिमेंट, एवढ्या विटा, पुढचं पुढं. मला विचाराल तर छोट्या गावातल्या ऑफिसला बिमचा सगळ्यांत मोठा फायदा हाच आहे, रंगीत चित्रांचा नव्हे. वरच्या मजल्याच्या कॉलमच्या सळ्या किती सोडायच्या, जिना पुढं कुठून चढणार, सांडपाण्याचा पाइप वर कुठं निघणार, हे पहिल्याच टप्प्यात मॉडेल करून ठेवा. चार वर्षांनी स्लॅब फोडावा लागत नाही. जुन्या मातीच्या घराला जोडून नवं बांधत असाल तर जुनं ‘एक्झिस्टिंग’मध्ये टाका, पण त्या दोन फुटी भिंतींचं प्रत्येक वळण काढत बसू नका. सरळ धरा आणि बाजूला तशी नोंद करा.

यादीवरून एक इशारा. रेव्हिट काढून देतं तो आकडा खरा असतो, पण ठेकेदाराचा आकडा आणि तो जुळत नाही, आणि दोघंही बरोबर असतात. भारतीय मानक 1200 प्रमाणे प्लास्टर मोजताना अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दारं-खिडक्यांची वजावट एकाच बाजूची होते, कारण दुसऱ्या बाजूच्या बदल्यात कडा आणि कोपऱ्यांचं काम धरलेलं असतं. सॉफ्टवेअर मात्र दोन्ही बाजूंनी पूर्ण भोक वजा करतं. चार मीटर लांब, तीन मीटर उंच भिंत घ्या. दोन्ही बाजू मिळून 24 चौरस मीटर. तिच्यात 1.2 बाय 1.2 ची खिडकी आणि 0.9 बाय 2.1 चं दार. मॉडेल म्हणेल 17.34, मानक म्हणेल 20.67. एका भिंतीला 36 चौरस फुटांचा फरक. हे ठाऊक नसेल तर तुम्ही गरीब ठेकेदाराला चोर ठरवाल. दारं-खिडक्यांच्या यादीत एका बाजूच्या क्षेत्रफळाचा रकाना करून तो परत मिळवा. आणि ब्रासचाही रकाना ठेवा: रेती-मुरुमासाठी घनमीटर भागिले 2.83, फरशी-प्लास्टरसाठी चौरस मीटर भागिले 9.29. गावात कोणी घनमीटरमध्ये रेती विकत नाही. काँक्रीट काढताना बीम, कॉलम, स्लॅब एकमेकांत जोडलेले आहेत ना ते पाहा, नाहीतर तोच कोपरा दोनदा मोजला जातो. सळईचं वजन इंजिनिअरच्या तक्त्यातूनच घ्या. साध्या घरात सळया मॉडेल करणं म्हणजे हौस.

कशाचं किती मॉडेल करायचं याला एलओडी अशी मोजपट्टी आहे, 100 पासून 500 पर्यंत. घराला 300 भरपूर झालं. स्कर्टिंग, बिजागऱ्या, नळाच्या चकत्या यांत रात्री घालवू नका. त्यापेक्षा टक्कर तपासा, आणि तीही तीनच ठिकाणी: संडासाचा चार इंची पाइप आणि बीम, जिन्याखालची डोकेउंची, आणि स्लॅबमधले पंख्याचे डबे. लँडिंगखाली 2.2 मीटर मोकळं हवं असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. मी एकदा ते प्लॅनमध्येच पाहिलं होतं, आणि लँडिंगचा बीम प्लॅनमध्ये दिसत नाही. त्या घरातली उंच पोरं आजही तिथून वाकून जातात. पंख्याचा डबा खोलीच्या मधोमध येतो, पलंग मात्र भिंतीला; म्हणून आधी सामान मांडा, मग डबे, मग स्लॅब.

फायलीची शिस्त कंटाळवाणी, पण तिच्यावाचून सगळं वाया. नव्या आवृत्तीत साठवलेली रेव्हिट फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि मागेही नेता येत नाही. अमरावतीचे इंजिनिअर कोणती आवृत्ती वापरतात ते कामाच्या सुरुवातीला विचारा आणि काम संपेपर्यंत दोघांनीही अपडेटचं बटण दाबू नका. ते वेगळं सॉफ्टवेअर वापरत असतील तर आयएफसी फाइल द्या. कॅडची फाइल आत घेताना ‘इम्पोर्ट’ टाळा, ‘लिंक’ करा. रेव्हिट स्वतःहून साठवत नाही, फक्त आठवण करून देतं, आणि आपली लाइट आठवण न देता जाते. यूपीएस घ्या.

मंजुरीच्या नकाशाचं वेगळंच. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 मध्ये लागू झाली, समासातली अंतरं त्यावरून आधीच मॉडेलमध्ये आखून घ्या. पण मंजुरीला लागतात ते सपाट नकाशेच, तेव्हा मॉडेलमधून ते नीट काढायची सवय करा. खोल्यांचं क्षेत्रफळ आणि रेराचं कार्पेट एकच समजू नका. 2016 च्या रेरा कायद्यात आतल्या भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरतात, रेव्हिटची ‘रूम’ ती सोडून देते.

मिस्त्र्याला लॅपटॉप दाखवू नका. त्याला ए-थ्री कागद द्या, एका टप्प्याला एक, लॅमिनेट केलेला. टिपा मराठीत लिहा. पीडीएफ काढल्यावर जोडाक्षरं फुटली नाहीत ना, एवढं एकदा पाहून घ्या.

परवाना परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. म्हणून चोरीची प्रत वापरू नका, आणि विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या फुकट परवान्यावर गिऱ्हाइकाचं कामही करू नका. एकट्यानं काम करणाऱ्याला रेव्हिट एलटी पुरतं. त्याहून खाली यायचं तर फ्रीकॅड आहे, नोव्हेंबर 2024 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती बिमच्या अवजारांसकट आली. आणि ब्लेंडरवर चालणारं बॉन्साय आहे. दोन्ही फुकट, दोन्ही कायदेशीर. शिकायला वेळ जास्त जातो एवढंच.

गिऱ्हाइकाच्या घरावर मात्र शिकू नका. मेच्या दुपारी अकरा ते पाच साइटवर उभं राहवत नाही. तेवढ्या तासांत आपलं राहतं घर मॉडेल करा, टेप हातात घेऊन. सावली खरी पडते का हे अंगणात जाऊन पडताळता येईल, यादीतल्या खिडक्या मोजता येतील, आणि चुकलात तर रागावणारं कोणी नसेल. मला पंधरा दिवस लागले होते. तुम्हाला आठ पुरतील.